धान्यापासून पेल एल, तीही कोकणातल्या उकाड्यात (लांबलचक आहे)

खारं_वारं

मागे मासळीच्या धाग्यावर मध्येच बियरचा विषय निघाला आणि तिथल्या मंडळींनी वेगळा धागा काढ म्हणून मागे लागून लागून वात आणला, तर घ्या, पेल एल म्हणजे फिकट सोनेरी रंगाची बियर कशी करायची ते. आधीच सांगतो, मी सावंतवाडी तालुक्यातला, रोज पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात एका छोट्या ब्रुअरीत कामाला जातो. तिथे मोठ्या टाक्यांच्या कडेला वीस लिटरचा चाचणीचा सेट मांडलाय, म्हणजे एक चाळीस लिटरचा स्टीलचा टोप, केटरिंगवाल्यांची असते तसली शेगडी, एक जाळीदार कापडाची मोठी पिशवी, तांब्याच्या नळीचं वेटोळं आणि एक जुना फ्रीज. परदेशात लोक गॅरेजमध्ये हौसेने ठेवतात तेच सामान, आमचं परवान्याच्या छपराखाली एवढाच फरक. खालचं सगळं त्या सेटवरचं आहे.

ज्यांनी आयुष्यभर बारमधली थंडगार पिवळी लागरच प्यायलीय त्यांना पहिल्यांदा ही बियर वास घेऊन बघा म्हटलं की हसतात. पण ह्या प्रकारात अर्धी मजा नाकातच असते. पपनस सोलताना सालीतून जो फवारा उडतो ना, तो वास, थोडी लिंबाची पानं, थोडं संत्रं. आणि ह्यात लिंबू-संत्रं काहीही घातलेलं नसतं, सगळं हॉप नावाच्या वेलीच्या फुलांतलं, बियरला वास आणि कडवटपणा देतात ती. अमेरिकेत १९७२ साली कॅस्केड नावाचं हॉप बाजारात आलं आणि १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडावाल्यांनी त्याच्या जोरावर आपली पेल एल काढली, तिथून हे खूळ पसरलं. पुढे २००८ च्या सुमारास सिट्रा आलं आणि मग तर काय सगळं जगच लिंबूवर्गी झालं.

आता माझं म्हणणं असं की कोकणात ही बियर करायची तर रेसिपीवर डोकं घालवू नका, रेसिपी शंभर मिळतील. बार्ली येते राजस्थान-हरियाणाकडून नाहीतर युरोपातून, हॉप येतं अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यातून, यीस्ट येतं पाकिटातून. आपलं स्वतःचं म्हणाल तर दोनच गोष्टी, विहिरीचं पाणी आणि हवेतला उकाडा, आणि बियर जमते किंवा फसते ती ह्या दोघांमुळेच.

पाण्यापासून सुरू करू. जांभ्यातलं पाणी मऊ असतं, साबणाला फेस भरभर येतो बघा. क्षार फार कमी. प्यायला गोड लागतं पण हॉपवाल्या बियरला नुसतं चालत नाही, कडवटपणा बोथट लागतो आणि चव पसरट होते. इंग्लंडात बर्टन गावच्या विहिरीत जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) खूप, म्हणून तिथल्या पेल एलची एकेकाळी एवढी ख्याती झाली. आपल्याला ते चमच्याने घालावं लागतं. माझं एकूण पाणी २८ लिटर, त्यात ७ ग्रॅम जिप्सम आणि साडेतीन ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, दोन्ही खाण्याच्या दर्जाचं, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या दुकानातलं नव्हे. ह्याने सल्फेट साधारण १४० पीपीएम आणि क्लोराइड ६० पर्यंत जातं, म्हणजे दुपटीहून थोडं जास्त, हॉप उठून दिसायला तेवढं पुरतं. मात्र तुमची विहीर खाडीला लागून असेल आणि मे महिन्यात पाणी मचूळ लागत असेल तर ते पाणी विसरा, आरओचं घ्या आणि त्यावर हेच क्षार घाला.

अजून एक म्हणजे टीसीएल, पाणी शुद्ध करायची क्लोरिनची पावडर. पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकून जातो, बरोबरच आहे त्याचं, पण तसलं पाणी थेट वापरलं तर क्लोरिनचं माल्टमधल्या (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली) फिनॉलशी जमतं आणि बियरला दवाखान्यातला वास मारतो, तो मग कशानेही जात नाही. पाणी आधी उकळून गार करा किंवा चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाका, काम झालं.

धान्य: पेल एल माल्ट ४ किलो, म्युनिक माल्ट ४०० ग्रॅम, आणि जाडे पोहे ३०० ग्रॅम. हो पोहेच. कच्च्या तांदळाचा स्टार्च फुलायला जास्त उष्णता लागते, त्यासाठी तो वेगळा शिजवावा लागतो, पोहे मात्र आधीच उकडून कुटलेले असल्यामुळे सरळ माल्टमध्ये मिसळता येतात. बियर हलकी आणि कोरडी होते, उकाड्यात दुसरा ग्लास जातो. माल्ट दळायचं नाही, भरडायचं. गिरणीत दिलंत आणि गिरणीवाल्याने सवयीने पीठ काढून दिलं तर संपलं, साल फुटून कडू तुरट द्रव्यं उतरतात आणि गाळताना चिखल होतो. दाणा दोन-तीन तुकड्यांत फुटावा आणि टरफल शाबूत राहावं अशी भरड. पावसाळ्यात माल्ट हवाबंद डब्यातच ठेवा, उघडं पोतं आठवड्यात सादळतं, आणि मग त्यात टोके होतात ते वेगळंच.

१४ लिटर पाणी ७१ डिग्रीपर्यंत तापवून त्यात भरड ओतली की मिश्रण ६६ वर येतं. थंड देशातल्या पुस्तकात ७३ लिहिलेलं असतं, कारण त्यांचं धान्यच १५ डिग्रीचं असतं, आपलं मुळात तिशीला टेकलेलं. ६६ वर एक तास ठेवायचं, झाकण लावून वर गोधडी गुंडाळायची. ह्या तासात माल्टमधली एन्झाइम्स स्टार्च तोडून साखर करतात. चार-पाच डिग्री खाली गेलात तर बियर फारच कोरडी होते, सत्तरीकडे गेलात तर जड आणि गोडसर. सामू ५.२ ते ५.५ मध्ये हवा, जास्त दिसला तर लॅक्टिक अॅसिडचे थेंब. मग पिशवी वर टांगून ७६ डिग्रीच्या उरलेल्या १४ लिटर पाण्याने धान्य हळूहळू धुवायचं. साधारण २३ लिटर गोड पाणी मिळतं. चोथा त्याच दिवशी शेजारच्या गोठ्यात, दुसऱ्या दिवसावर ठेवलात तर असा आंबतो की गाय पण तोंड फिरवते.

मग एक तास उकळ. सुरुवातीला मॅग्नमसारखं कडू हॉप १५ ग्रॅम, कडवटपणासाठी तेवढं बास. शेवटची दहा मिनिटं राहिली की २५ ग्रॅम कॅस्केड. आणि इथे खरी गोम आहे. कडवटपणा येतो तो हॉपमधलं अल्फा आम्ल उकळल्यावर, त्याला वेळ लागतो. वास मात्र तेलांत असतो, मर्सिन लिनालूल जेरॅनिओल असली नावं आहेत त्यांची, आणि ही तेलं उकळीत वाफेबरोबर निघून जातात. स्वयंपाकघरभर सुंदर वास सुटला म्हणून खूश होऊ नका, तो ग्लासात यायचा होता. म्हणून आच बंद करून आधी ८० डिग्रीपर्यंत उतरवायचं आणि तेव्हा ५० ग्रॅम सिट्रा घालून झाकण ठेवून वीस मिनिटं सोडायचं.

आता गार करणं. तांब्याच्या वेटोळ्यातून विहिरीचं पाणी सोडलं की भराभर उतरतं ते तीस-बत्तीसपर्यंत, आणि तिथे जे अडतं ते अडतंच, कारण पाणीच २७-२८ चं. इथे मदतीला येतो जेटीवरचा बर्फ. मासळीसाठी फोडलेला बर्फ क्रेटमध्ये घेऊन यायचा, बादलीत पाणी आणि बर्फ, त्यात छोटा पंप, आणि तेच पाणी वेटोळ्यातून गोल गोल फिरवायचं. बर्फ बियरला शिवत नाही, नळीच्या आतून जातो, त्यामुळे त्याला बांगड्याचा वास असला तरी बिघडत नाही. अर्ध्या तासात १८.

ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता (साखर जास्त तेवढी ती जास्त), १.०५० च्या आसपास यायला हवी. ती मोजायचा हायड्रोमीटर बहुधा २० डिग्रीला जुळवलेला असतो, तिशीतल्या नमुन्यात तो दोन-तीन पॉइंट (०.००१ म्हणजे एक पॉइंट) कमी दाखवतो, तेवढे वाढवून धरा. यीस्ट साधं कोरडं अमेरिकन एलचं, साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट. फ्रीजमध्ये १८-१९ डिग्री, चार-पाच दिवसांत बहुतेक काम उरकतं, मग दोन-तीन दिवस २१ वर. १.०११ पर्यंत उतरली म्हणजे साधारण पाच टक्के. मग ६० ग्रॅम सिट्रा आणि ४० ग्रॅम कॅस्केड थंड बियरमध्येच (ह्यालाच ड्राय हॉप म्हणतात), तीन दिवस, त्याहून जास्त ठेवलंत तर गवत चावल्यासारखं लागतं. नंतर २-३ डिग्रीला उतरवून दोन दिवस आणि केगमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद स्टीलच्या पिंपात.

विचारा काय विचारायचं ते.

तिरफळ

बरा लिवलंस रे! पोहे वाचून हसू आलं, आई विचारते पोहे संपले कसे एवढ्यात. एक शंका, एवढं महागडं अमेरिकन हॉप घालण्यापेक्षा आपल्याकडे चतुर्थीला माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या छताला, बांधतो ते पपनसासारखं तोरंजन, त्याची साल घातली तर? परसात पडून असतात, कोणी खात नाही. इडलिंबू पण आहे.

खारं_वारं

घाल की. पण हॉपच्या जागी नको, हॉपच्या जोडीला. वरची हिरवी साल किसणीने काढ, पांढरा भाग अजिबात नको, तो कडूझार असतो आणि तो कडवटपणा हॉपच्या कडवटपणासारखा नाहीसा होत नाही, जिभेवर चिकटून बसतो. वीस लिटरला दोन तोरंजनांची साल, उकळ संपायला पाच मिनिटं असताना. इडलिंबाचं मी म्हणेन नको, त्याचा वास फार एकसुरी आहे आणि बियर फरशी पुसायच्या लिक्विडसारखी लागते. माझं वैयक्तिक मत, भांडू नका.

आणि खरं सांगू का, सालीतलं लिमोनिन एक सूर देतं. हॉपमध्ये डझनावारी तेलं, वर थायॉल नावाची गंधकाची संयुगं, ती अगदी लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये असली तरी नाकाला ग्रेपफ्रूट म्हणून कळतात. ते सालीने होत नाही.

घाटावरचा

जुन्या फ्रीजची काय गरज? आम्ही साताऱ्याकडे मे महिन्यात माठाला ओलं पोतं गुंडाळतो, आठ-दहा डिग्री सहज उतरतं. फर्मेंटर (बियर आंबवायचं भांडं) ओल्या पोत्यात ठेवून पंखा लावला तर फुकटात काम.

खारं_वारं

तुमच्याकडे होईल, मे महिन्यात तुमची हवा कोरडी. इकडे दमटपणा ऐंशी-नव्वद टक्के, पोत्यातलं पाणी उडणारच कुठे? पंखा लावून दोन डिग्री उतरलं तर नशीब. आणि जूननंतर तर आमच्या इथे टॉवेल चार दिवस वाळत नाही, पोत्यावर बुरशी येईल ती वेगळी. शिवाय फर्मेंटेशन जोरात असताना आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा तीन ते पाच डिग्री जास्त असतं हे विसरू नका. खोली तीस म्हणजे आत पस्तीस. साधं एल यीस्ट त्या गरमीत जड अल्कोहोल सोडतं, थिनरसारखा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसावं लागतं. पहिल्या तीन दिवसांतला उकाडा सगळ्यात वाईट, वास ठरतो तो तेव्हाच.

जांभ्याचा_चिरा

मस्त धागा. मी गुहागरला असतो, विहीर आहे, टोप आहे, फ्रीज भंगारातून मिळेल. माल्ट ऑनलाइन मिळतं असं दिसतंय. घरीच करून बघावं म्हणतोय गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा. किती सामान लागेल एकूण? पन्नास लिटर करायचं झालं तर सगळं अडीचपट का?

खारं_वारं

थांब जरा. म्हणूनच मी पहिल्या परिच्छेदात परवान्याचं लिहिलं. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, त्यात परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे आणि बियरही त्यात येते, घरच्यापुरती केली आणि विकली नाही हा बचाव चालत नाही. माल्ट किंवा हॉप विकत घेणं वेगळं आणि आंबवणं वेगळं. गणपतीत पन्नास लिटर म्हणजे तर गावभर बोभाटा. रीतसर करायचं असेल तर छोट्या ब्रुअरीचा परवाना हा मार्ग आहे, नाहीतर एखाद्या ब्रुअरीत ओळख काढून एक दिवस त्यांच्याबरोबर उभा राहा, शिकायला तेच बेस्ट.

जांभ्याचा_चिरा

अरे बापरे. आमच्या शेजारी तर दर वर्षी... असो. बरं झालं विचारलं. मग मी आलं घालून जिंजर एल करतो, फुगे येतात म्हणे.

खारं_वारं

त्यात पण यीस्ट साखर खातं आणि थोडं अल्कोहोल होतंच, आणि बाटली बाहेर उकाड्यात राहिली तर फुटते. प्लास्टिकच्या बाटलीत कर, दाबून कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये.

मेलबर्न_व्हाया_राजापूर

इकडे घरगुती बियर कायदेशीर, त्यामुळे दर महिन्याला एक बॅच असते माझी. तुझी रेसिपी आणि माझी जवळजवळ सारखी, मी पोह्याऐवजी गहू माल्ट घालतो. पण एक त्रास होतोय, पहिले दहा दिवस वास अप्रतिम, सिट्रा अक्षरशः नाकात घुसतं, आणि तीन आठवड्यांनी तीच बाटली उघडली तर बियर तपकिरी झालेली, वास गायब, ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी लागतं. स्वच्छता कडक आहे, आंबट झालेली नाही. माझी आई म्हणते नजर लागली 😄

खारं_वारं

आईला सांग नजर ऑक्सिजनची लागली. हॉपवाल्या बियरचा हा एक नंबरचा शत्रू. तू फर्मेंटरमधून बाटल्यांच्या बादलीत ओततोस का? आणि ड्राय हॉप टाकताना झाकण पूर्ण उघडतोस का? ह्या दोन ठिकाणी हवा शिरते. फर्मेंटेशन चालू असेपर्यंत यीस्ट ऑक्सिजन खाऊन टाकतं, संपल्यावर कोणी खाणारं नसतं. पेल एलमध्ये हॉपची पॉलिफिनॉल्स भरपूर, ती हवेने काळवंडतात, वासाची संयुगं तर त्याहून आधी मरतात.

केग असेल तर आधी त्यात काठोकाठ सॅनिटायझरचं पाणी भर, ते कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बाहेर ढकल, म्हणजे आत फक्त वायू उरतो, आणि मग फर्मेंटरच्या नळातून बंद नळीने केगमध्ये. बाटल्याच भरायच्या असतील तर गॅससाठी लागणारी साखर प्रत्येक बाटलीत थेट घाल, वेगळी बादली नको. वीस लिटरला एकूण १३० ग्रॅम साखर, त्याहून जास्त नको. आणि बाटलीत वर जागा कमीत कमी सोड, फेसावरच बूच मार. ड्राय हॉप टाकायचं ते ग्रॅव्हिटी संपायला चार-पाच पॉइंट शिल्लक असताना टाकून बघ, उरलेलं यीस्ट आत आलेली हवा खाऊन घेईल.

भरलेल्या बाटल्या गॅस धरला की फ्रीजमध्येच ठेव. उष्णतेत हे सगळं दुप्पट वेगाने होतं. इथे तर दुकानाबाहेर उन्हात उतरवलेल्या क्रेटमधली पेल एल प्यायची म्हणजे मेलेल्या हॉपचा तेराव्याचा कार्यक्रम.

मेलबर्न_व्हाया_राजापूर

बादलीत ओततो!! आणि झाकण पण पूर्ण उघडून, वर दोन मिनिटं वास घेत उभा राहतो. कळलं. पुढच्या वेळी बादली बंद.

कुळीथपिठी

मी पीत नाही पण धागा वाचून काढला, रसायनशास्त्र शिकवते त्यामुळे मजा आली. दोन प्रश्न. नाचणी चालेल का? आपल्याकडे बाळाला मोड आणून नाचणीचं सत्त्व करतात, म्हणजे मोड आल्यावर त्यात एन्झाइम्स तयार होत असणारच. आणि दुसरं, हॉप इथे लावलं तर येईल का, वेलच ना तो?

खारं_वारं

ताई, नाचणीचं अगदी बरोबर. मोड आलेल्या नाचणीत एन्झाइम्स चांगली असतात, सिक्कीम-नेपाळकडे नाचणीची पारंपरिक बियर आहे, बांबूच्या भांड्यात गरम पाणी ओतून नळीने पितात. पेल एलमध्ये मी पाव किलोपर्यंत मोड आणून वाळवलेली नाचणी घालतो कधी कधी, रंगाला थोडी लाली येते आणि मातकट खमंग चव. त्याहून जास्त नको, दाणा बारीक आणि बार्लीसारखं टरफल नाही, त्यामुळे गाळताना लगदा होतो. तांदूळ म्हणाल तर उकडा पण चालतो, फक्त मऊ शिजवून घालायचा.

हॉपचं मात्र नाही जमणार. वेल वाढेल कदाचित, फुलं धरणार नाहीत नीट. त्याला उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस लागतो आणि हिवाळ्यात कडक थंडीची झोप, म्हणून बहुतेक लागवड ३५ ते ५५ अक्षांशांमध्ये. आपण सोळावर. भारतात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात होतं हॉप. तो गांजाच्या कुळातला वेल आहे हे ऐकल्यावर मात्र आमच्या इथले दोघे-तिघे भलतेच उत्साही झाले होते, त्यांना समजावताना नाकी नऊ आले.

सोलकढी_फॅन

एवढं करण्यापेक्षा मार्चमध्ये उर्राक (काजूच्या बोंडाची हलकी दारू, फेणीची धाकटी बहीण), त्यात लिमका, मीठ, उभी चिरलेली मिरची. झालं की सिट्रस. फेणीला २००९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तुमच्या पेल एलला कोण देणार.

खारं_वारं

उर्राकशी माझं भांडण नाही बाबा, मार्च ते मे मी पण तिकडेच असतो. पण उर्राक वर्षातून तीन महिने, आणि दोन ग्लासांनंतर दुपार गेली. पाच टक्क्यांच्या बियरवर तिसऱ्या ग्लासाला पण माणूस धड बोलतो.

वेंगुर्ल्याची_वारी

क्वाइक वापरलंय का कोणी? मी पुण्यात एका ब्रुअरीत कामाला, तिथे गेल्या उन्हाळ्यात चिलर बंद पडला तेव्हा वॉस क्वाइक टाकून टाकी वाचवली. नॉर्वेतलं शेतकऱ्यांचं यीस्ट, ३५-४० डिग्रीला खुशाल काम करतं आणि वर संत्र्याचा वास देतं. कोकणासाठीच बनलंय असं वाटतं, मग फ्रीज, बर्फ, पंप हा सगळा तमाशा कशाला? ३० वर अडलं तर अडू दे, तिथेच टाका यीस्ट.

खारं_वारं

आलास, वाटच बघत होतो कोणीतरी हे काढेल. वापरलंय आणि आवडतं. नॉर्वेच्या पश्चिमेला घराघरांत हे यीस्ट लाकडी कड्यांवर सुकवून ठेवायचे, एकाचं बिघडलं की शेजाऱ्याकडून आणायचं, आपण विरजण मागून आणतो तसंच. मे महिन्यात खोली तीसला आणि आत पस्तीस, त्याला अगदी हवं तेच. तीन दिवसांत संपतं.

पण तुझ्या 'तमाशा कशाला' ला माझा आक्षेप आहे. एक तर १.०५० ची हलकी बियर आणि त्यात पोहे, म्हणजे नायट्रोजन कमी, क्वाइकला खायला पुरत नाही, यीस्टचं खाद्य वेगळं घालावं लागतं नाहीतर मध्येच थांबतं. आणि दुसरं महत्त्वाचं, फर्मेंटेशन गरमीत झालं तरी हॉप गरमीत टिकत नाही. ३५ डिग्रीला ड्राय हॉप टाकून बघ, एका दिवसात गवत आणि तुरटपणा उतरतो. म्हणजे चौथ्या दिवशी फ्रीज लागतोच, केग ठेवायला तर कायमच लागतो. बर्फ वाचतो हे मान्य. आणि संत्र्याचा वास यीस्टचा, तो सिट्राच्या वर बसतो, ग्लासात दोघे भांडतात. मला क्वाइकबरोबर नुसतं कॅस्केड बरं वाटतं.

वेंगुर्ल्याची_वारी

खाद्याचं बरोबर, आमचं १.०५८ होतं म्हणून अडलं नसेल. ड्राय हॉपचं पण मान्य, आम्ही चिलर दुरुस्त झाल्यावरच टाकलं होतं. पण संत्र्याच्या बाबतीत नाही पटलं, मला तर सिट्रा आणि वॉस एकत्रच आवडतं. जिप्सम अजून कमी करून क्लोराइड वाढवून बघ, तुझ्या एकशेचाळीस-साठचं उलटं, म्हणजे कडवटपणा मागे जातो आणि दोन्ही वास एकमेकांत मिसळतात.

खारं_वारं

हे नाही केलेलं कधी. करतो पावसाच्या आधी.

तिरफळ

अवांतर: लाइट गेल्यावर फ्रीजचं काय? आमच्या हडे पावसात लाइट गेली की दोन दोन दिवस नाय.

खारं_वारं

वीस लिटर द्रव लवकर तापत नाही, फ्रीज उघडला नाहीस तर सात-आठ तास काढतो. जेटीवरून बर्फाच्या लाद्या आणून आत ठेवायच्या, पहिले तीन दिवस गेले की मग फार काळजी नको. खरी काळजी डीप फ्रीजरमधल्या हॉपची. उणे १८ ला हवाबंद पाकिटात वर्षभर टिकतं, दोनदा वितळलं की चीजसारखा वास मारायला लागतं. म्हणून जूनच्या आधी मी पाकिटं संपवून टाकतो आणि पावसात काळी स्टाऊट करतो, तिला हॉप कमी लागतं.

तिरफळ

स्टाऊटचा पण धागा काढ मग.

घाटावरचा

+१. आणि त्यात भाजलेल्या नाचणीचं काय होतं ते पण लिहा, ताईंच्या प्रश्नावरून डोक्यात आलं.